कोळशाचे चार आकडे

गेल्या मार्च महिन्यात आपल्या मंडळाने महिला दिनाचा कार्यक्रम केला, तो बऱ्याच जणांना आठवत असेल. वडे आणि चहाच्या आधी आपल्या मराठी शाळेतल्या एका चुणचुणीत मुलीने रोझलिंड फ्रँकलिन या शास्त्रज्ञ बाईंवर दहा मिनिटं छान माहिती सांगितली. डीएनए, तो प्रसिद्ध एक्स-रे फोटो, १९६२ चं नोबेल दुसऱ्यांना मिळालं ती हळहळ, सगळं आलं. शेवटी "कोणाला काही विचारायचंय का?" असं तिने म्हटलं आणि माझा हात वर गेला.

"बाळ, तिच्या कोळशाबद्दल का नाही सांगितलंस?"

सभागृहात हशा पिकला. "काका, कोळसा?" तिला वाटलं मी चेष्टा करतोय. मी अजिबात चेष्टा करत नव्हतो. फ्रँकलिनबाईंनी डीएनएला हात लावला तो १९५१ साली. त्याआधीची आठ-नऊ वर्षं त्या कोळसा आणि त्यापासून होणारा कार्बन यांच्याच मागे होत्या आणि डॉक्टरेटही त्यांना कोळशावरच मिळाली. हे मी चहाच्या वेळी सांगायला लागलो, तर संपादक म्हणाले, "मग लिहूनच द्या की दिवाळी अंकाला." म्हणून हा लेख. पण त्यामागे आणखी एक कारण आहे. चाळीस वर्षांपूर्वीची एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. ती आधी सांगतो, म्हणजे बाकीचा इतिहास मी का सांगतोय ते कळेल.

मी मूळचा चंद्रपूरचा, आमच्या लहानपणीच्या भाषेत चांद्याचा. कोळसा आमच्या घरी सिगडीत असायचा. आई सिगडी अंगणात पेटवायची, धूर संपला की आत आणायची. पोत्यातून कोळसा काढताना ती चक्क निवड करायची. चकाकणारा पेटवायला, मळकट जड दगडासारखा मागे ठेवायला, आणि जो हाताला लगेच काळं लावतो तो बाजूला. मी रसायनशास्त्राची पदवी घेतल्यावर तिला हसून म्हणालो होतो, "आई, कोळसा तो कोळसा. उगाळावा तितका काळाच!" ती काही बोलली नाही. निवडत राहिली.

१९८१ साली विदर्भातल्या एका औष्णिक वीजकेंद्राच्या प्रयोगशाळेत मला नोकरी लागली. रोज येणाऱ्या कोळशाचे नमुने तपासायचे आणि चार आकडे लिहायचे. ओलावा, राख, बाष्पशील पदार्थ आणि स्थिर कार्बन. राखेसाठी कोळशाची पूड ८१५ अंश सेल्सियसला मफल फर्नेसमध्ये जाळायची आणि मागे उरेल ते वजन करायचं. बाष्पशील पदार्थासाठी झाकणाच्या क्रुसिबलमध्ये ९०० अंशाला बरोबर सात मिनिटं. आणि स्थिर कार्बन? तो मोजायचाच नाही, बाकीचे तीन आकडे शंभरातून वजा करायचे. जोडीला बॉम्ब कॅलरीमीटरवर उष्मांक काढला की झाला अहवाल.

एका पावसाळ्यात रात्रपाळीला एका बॉयलरच्या राखेत न जळलेला कार्बन फार निघायला लागला. चौकशी झाली. त्या आठवड्यात कोळसा दुसऱ्या खाणीतून आला होता. पाळीवर जे ऑपरेटर होते, त्यांना आम्ही सगळे काकाच म्हणायचो, ते परोपरीने सांगत होते, "साहेब, कोळसा वेगळा आहे. ज्योत बघा, उशिरा धरते." मला जुन्या आणि नव्या कोळशाचे आकडे मागवण्यात आले. राख दोन्हीकडे चौतीस टक्क्यांच्या आसपास, बाष्पशील पदार्थ जवळपास सारखे, उष्मांकात नावाला फरक. मी लिहिलं, "दोन्ही कोळसे समान प्रतीचे आहेत." खाली माझी सही. निष्कर्ष निघाला की मिलकडे आणि हवेच्या प्रमाणाकडे दुर्लक्ष झालं. काकांची एक वेतनवाढ रोखली गेली. ते मला काही बोलले नाहीत. पण त्यानंतर लॅबमध्ये चहाला यायचे बंद झाले.

१९८८ साली मी इंग्लंडला आलो आणि मिडलँड्समधल्या एका प्रयोगशाळेत कोळशाचंच काम मिळालं. तिथे पहिल्याच आठवड्यात मला मायक्रोस्कोपसमोर बसवलं. तोवर मी कोळसा जाळला होता, दळला होता, तोलला होता. पाहिला कधीच नव्हता! आणि कोळसा पाहायचा असतो हे जगाला नीट पटवलं, वाचकहो, एका बाईने.

मेरी स्टोप्स हे नाव तुम्ही ऐकलं असेल, पण वेगळ्या संदर्भात. १९१८ चं वैवाहिक जीवनावरचं त्यांचं गाजलेलं पुस्तक आणि १९२१ साली लंडनमध्ये उघडलेलं संततिनियमनाचं केंद्र. (त्याच १९२१ साली मुंबईत आपल्या र. धों. कर्व्यांनीही असंच केंद्र सुरू केलं होतं.) सुप्रजननाबद्दलची त्यांची काही मतं आज कोणालाही खटकतील अशी होती, तेही सांगितलं पाहिजे. पण या बाई मुळात जीवाश्म-वनस्पतींच्या तज्ज्ञ. १९०४ साली म्युनिकहून डॉक्टरेट घेऊन त्या मँचेस्टर विद्यापीठात शिकवायला लागल्या, तेव्हा तिथल्या विज्ञान शाखेतल्या त्या पहिल्या स्त्री प्राध्यापिका ठरल्या.

१९१९ साली स्टोप्सबाईंनी रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात एक निबंध छापला. त्याचं म्हणणं असं, की दगडी कोळशाचा एक ढेकूळ उजेडात धरून पाहिला तर त्यात आडवे पट्टे दिसतात आणि ते चार तऱ्हेचे असतात. काचेसारखा चकाकणारा तो व्हिट्रेन. रेशमी, बारीक थरांचा तो क्लॅरेन. मळकट आणि टणक तो ड्युरेन. आणि लाकडी कोळशासारखा भुसभुशीत, हात काळे करणारा तो फ्युझेन. हे वाचताना मला पोत्यापुढे बसलेली आई दिसली. चकाकणारा, मळकट जड, हात काळे करणारा! तिच्याकडे लॅटिन नावं नव्हती, एवढाच काय तो फरक.

पुढे १९३५ साली स्टोप्सबाईंनी आणखी एक शब्द दिला, मॅसरल. खडकात जशी खनिजं तसे कोळशात मॅसरल, म्हणजे वनस्पतींच्या निरनिराळ्या अवशेषांचे सूक्ष्म घटक. आज त्यांचे तीन मोठे गट मानतात. लाकूड आणि सालीचा दलदलीत कुजून झालेला व्हिट्रिनाइट. बीजाणू, पानांवरचं मेण आणि राळ यांचा लिप्टिनाइट. आणि आधीच जळलेल्या किंवा हवेत सडून गेलेल्या भागांचा इनर्टिनाइट. घासून गुळगुळीत केलेला तुकडा तेलाच्या थेंबाखाली परावर्तित प्रकाशात बघितला, की लिप्टिनाइट गडद, व्हिट्रिनाइट राखाडी आणि इनर्टिनाइट पांढरा चमकदार दिसतो. त्यातल्या काही तुकड्यांत झाडाच्या पेशींच्या भिंती जशाच्या तशा उभ्या असतात. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या वणव्यात जळलेलं लाकूड आहे ते!

इथे आमच्या चांद्याचा संबंध येतो. इंग्लंडचा कोळसा साधारण तीस कोटी वर्षांपूर्वीच्या, विषुववृत्ताजवळच्या दमट दलदलींतला. आपला मध्य भारतातला कोळसा त्यानंतरच्या पर्मियन काळातला, थंड हवामानातला, आणि त्यातलं मुख्य झाड ग्लॉसॉप्टेरिस. त्या काळी भारत, ऑस्ट्रेलिया, आफ्रिकेचा दक्षिण भाग, दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिका एकत्र होते. त्या महाखंडाचं नाव गोंडवन, आणि हे नाव आलं आपल्या गोंडांच्या मुलुखावरून. चंद्रपूर तर गोंड राजांची राजधानी. स्टोप्सबाईंना हे झाड अंटार्क्टिकात शोधायचं होतं. त्यांनी १९०४ साली कॅप्टन स्कॉटना "मलाही न्या" म्हणून गळ घातली होती. बाईमाणूस म्हणून ते जमलं नाही, पण जीवाश्म आणायचं आश्वासन मिळालं. १९१२ मध्ये स्कॉट आणि त्यांच्या साथीदारांचे मृतदेह सापडले, तेव्हा त्यांच्यासोबत सुमारे सोळा किलो दगड होते, आणि त्यांत ग्लॉसॉप्टेरिसची पानं होती. ज्या झाडापासून माझ्या आईच्या सिगडीतला कोळसा झाला, त्याच कुळातलं झाड.

आता फ्रँकलिनबाईंकडे वळू. १९४२ सालचा ऑगस्ट महिना. युद्ध चालू. केंब्रिजहून रसायनशास्त्र शिकून बाहेर पडलेली बावीस वर्षांची रोझलिंड लंडनजवळ किंग्स्टनला ब्रिटिश कोळसा संशोधन संस्थेत रुजू झाली. संस्था नवी, १९३८ सालची. रोझलिंड पटनीला राहायची, सायकलवरून ये-जा करायची, रात्री हवाई हल्ल्यांच्या वेळी वॉर्डन म्हणून स्वयंसेवी काम करायची. आणि दिवसा तिच्यापुढे प्रश्न होता, कोळशाच्या पोटात भोकं किती आणि केवढी?

प्रश्न ऐकायला साधा वाटतो, पण त्यात मेख आहे. एखाद्या वस्तूची घनता काढायची तर ती द्रवात बुडवून आकारमान मोजतात. कोळशात अतिसूक्ष्म पोकळ्या असतात. द्रव त्या पोकळ्यांत शिरला तर एक उत्तर येतं, नाही शिरला तर दुसरं. फ्रँकलिनने ही अडचणच हत्यार म्हणून वापरली. निरनिराळे कोळसे घेतले आणि प्रत्येकाची घनता हेलियम वायू, पाणी, मिथेनॉल, हेक्झेन, बेंझीन अशांनी मोजली. हेलियमचा अणू इवलासा, तो जवळपास सगळीकडे शिरतो. बेंझीनचा रेणू मोठा, तो काही कोळशांत दारातच अडकतो. आकड्यांतल्या फरकावरून तिने दाखवलं, की पोकळ्यांच्या वाटा मध्येच अरुंद होतात आणि त्या किती अरुंद हे कोळशाच्या जातीवर ठरतं. आपल्याकडे मैद्याच्या चाळणीतून रवा जात नाही, तसंच हे. कोळसा म्हणजे रेणूंची चाळणी!

या कामावर १९४५ मध्ये तिला केंब्रिजची डॉक्टरेट मिळाली. युद्धानंतर तिने एका फ्रेंच मैत्रिणीला थट्टेने लिहिलं, की भौतिक रसायनशास्त्र फारसं न येणाऱ्या पण कोळशातल्या भोकांबद्दल बरंच माहीत असलेल्या बाईला कुठे नोकरी असेल तर कळव. नोकरी मिळाली पॅरिसला. १९४७ ते १९५० या काळात तिथे ती जॅक मेरिंग यांच्या हाताखाली क्ष-किरणांनी पदार्थाची रचना बघायला शिकली, आणि त्या नजरेने पुन्हा कार्बनकडे वळली.

तिने कोळसा आणि इतर पदार्थांपासून केलेले कार्बन ३००० अंशांपर्यंत तापवले. अपेक्षा अशी, की इतकी उष्णता दिली की कुठलाही कार्बन अखेर ग्राफाइट होणार, म्हणजे पेन्सिलीतल्या शिशासारखा, थरावर थर बसलेला. पण १९५१ च्या निबंधात तिने दाखवलं, की कार्बनच्या दोन जाती आहेत. एक ग्राफाइट होणारी, दुसरी काही केल्या न होणारी. कोक करायचा चांगला कोळसा तापताना मऊ होऊन वितळतो, त्यामुळे त्याचे थर सरकून नीट रचले जातात. पिसलेले पत्ते टेबलावर ठोकले की कॅट सरळ होतो, तसं. पण ज्या कोळशात ऑक्सिजन जास्त आणि हायड्रोजन कमी, त्यात कमी तापमानालाच थरांमध्ये आडवेतिडवे मजबूत बंध तयार होतात. पत्ते वाकडेतिकडे असतानाच कोणी डिंक ओतावा, तसं. मग कितीही ठोका, कॅट सरळ होत नाही.

म्हणजे बघा, दोन्ही कार्बनच. फरक होता तो अणू एकमेकांना कसे धरून बसलेत त्यात.

त्याच सुमारास इतरही मंडळी या कोड्याला भिडली होती. हॉलंडच्या व्हॅन क्रेव्हेलेन यांनी १९५० मध्ये एक सोपा आलेख मांडला. एका बाजूला हायड्रोजन आणि कार्बनचं प्रमाण, दुसऱ्या बाजूला ऑक्सिजन आणि कार्बनचं. त्यावर लाकूड, पीट, लिग्नाइट, बिट्युमिनस कोळसा आणि अँथ्रासाइट हे एका वाटेवरच्या मुक्कामांसारखे दिसतात. लाकडातून आधी पाणी आणि ऑक्सिजन निघून जातो, शेवटी हायड्रोजन, आणि कार्बन वाढत वाढत अँथ्रासाइटमध्ये नव्वद टक्क्यांच्या वर पोचतो. तमिळनाडूतल्या नेव्हेलीचं लिग्नाइट आणि वेल्सचं अँथ्रासाइट ही या वाटेची जवळजवळ दोन टोकं. १९५४ मध्ये केंब्रिजला पीटर हिर्श यांनी क्ष-किरणांवरून सांगितलं, की कोळशात बेंझीनसारख्या कड्यांचे छोटे छोटे सपाट थर असतात. खालच्या प्रतीत ते विस्कळीत, मधे पोकळी ठेवून. मधल्या प्रतीत द्रवासारखे सैल. आणि अँथ्रासाइटमध्ये मोठे आणि एका दिशेने लागलेले.

मग १९६० साली पीटर गिव्हन यांनी व्हिट्रिनाइटच्या रेणूचं एक चित्रच काढलं. सुमारे शंभर कार्बन अणू, कड्यांचे लहान लहान पुंजके, त्यांना जोडणारे पूल, मधूनमधून ऑक्सिजन आणि नायट्रोजन. त्यातले तपशील पुढे बदलले. १९७० च्या दशकात घन कोळसा न विरघळवता एनएमआरने तपासता यायला लागला, आणि १९८४ मध्ये शिन यांनी मांडलेल्या नमुन्यात सहाशेहून जास्त कार्बन अणू आले. पण यातलं कुठलंही चित्र "कोळशाचा रेणू" नव्हे, हे या मंडळींना पक्कं ठाऊक होतं. मिठाचं किंवा साखरेचं जसं एक सूत्र असतं तसं कोळशाला नाहीच. ते एका गावातल्या माणसांचं सरासरी चित्र. त्या चेहऱ्याचा माणूस गावात भेटेलच असं नाही.

आता पुन्हा माझ्या चार आकड्यांकडे येतो. मिडलँड्सच्या त्या लॅबमध्ये आम्ही एकेका नमुन्यावर पाचशे ठिकाणी नजर टाकून कुठला मॅसरल किती ते मोजायचो. एकदा आमच्याकडे भारतातला कोळसा आला. काचेखाली धरला आणि मी बघतच राहिलो. इंग्लंडच्या कोळशात पांढरे तुकडे तुरळक दिसायचे, इथे सगळीकडे पांढरंच पांढरं! गोंडवनाच्या कोळशात इनर्टिनाइट बऱ्याचदा भरपूर असतो, आणि राखेची माती तर त्यात इतकी बारीक मिसळलेली असते की धुऊनही सहजासहजी निघत नाही. पुन्हा एका खाणीतून दुसऱ्या खाणीत, एका थरातून दुसऱ्या थरात हे प्रमाण बदलतं. इनर्टिनाइटचे काही प्रकार उशिरा पेट घेतात आणि सावकाश जळतात. बॉयलरमध्ये कोळशाच्या कणाला जळायला मिळतात जेमतेम दोन-तीन सेकंद. तेवढ्यात जळला तर जळला, नाहीतर गेला राखेत.

आणि यातलं काहीही माझ्या चार आकड्यांत दिसत नाही. राख चौतीस म्हणजे चौतीस. उरलेला सहासष्टातला कार्बन कसा बांधलेला आहे, वितळतो का, त्यात भोकं केवढी, तो आधीच एकदा वणव्यात जळलेला आहे का, हे शंभरातून वजाबाकी करून कसं कळणार?

त्या संध्याकाळी मी घरी आलो तेव्हा बायकोने विचारलं, "बरं नाही का?" मी तिला काकांची गोष्ट सांगितली. "ज्योत उशिरा धरते," असं ते म्हणाले होते. ते बघून बोलत होते. मी न बघता सही केली होती. तो कोळसा खरंच तसा होता की मिलमध्येच काही बिघाड होता, हे आता कोणीच सिद्ध करू शकत नाही. नमुने केव्हाच फेकले गेले. पण "समान प्रतीचे" असं लिहायचा अधिकार मला त्या चार आकड्यांनी दिला नव्हता, एवढं नक्की.

फ्रँकलिनबाई १६ एप्रिल १९५८ रोजी कर्करोगाने गेल्या, अवघ्या सदतिसाव्या वर्षी. लंडनमध्ये विल्सडेनला त्यांची समाधी आहे. तिच्यावरच्या लेखात त्यांच्या विषाणूंवरच्या संशोधनाचा उल्लेख आहे. डीएनएचा नाही आणि कोळशाचाही नाही. कोळशाचं युगही इथे संपलं. ब्रिटनमधली शेवटची खोल खाण डिसेंबर २०१५ मध्ये बंद झाली आणि ३० सप्टेंबर २०२४ रोजी रॅटक्लिफचं शेवटचं कोळशावरचं वीजकेंद्र थांबलं. १८८२ साली लंडनमध्ये सुरू झालेली गोष्ट १४२ वर्षांनी पुरी झाली. हवेचं काय केलं आपण, हे मीही जाणतो. त्यात माझाही हात काळा आहे. पण गंमत बघा, ग्राफाइट व्हायला नकार देणारा तो हट्टी कार्बन, ज्याची ओळख फ्रँकलिनने करून दिली, तोच आज सोडियम-आयन बॅटरीत वापरतात, कारण त्याच्या वाकड्यातिकड्या थरांत आणि पोकळ्यांत सोडियम सामावतो.

कोळसा उगाळावा तितका काळाच, ही म्हण मी आता वापरत नाही. आई २००३ मध्ये गेली. तिची निवड बरोबर होती, हे मी तिला सुट्टीत घरी गेलो असताना एकदा सांगितलं होतं. "मग? मी काय उगीच निवडत होते?" एवढंच म्हणाली. काकांचा पत्ता मात्र मला कधी मिळाला नाही. ते निवृत्त होऊन गावी गेले, एवढं जुन्या सहकाऱ्यांकडून कळलं. मंडळाचा हा अंक तिकडे विदर्भात दोन-चार घरी जातो म्हणतात. कोणी सांगावं.

म्हणून त्या अहवालात राहून गेलेली एक ओळ इथे लिहितो. "वरील आकड्यांवरून हा कोळसा बॉयलरमध्ये कसा जळेल हे सांगता येत नाही, ऑपरेटरचं निरीक्षण विचारात घ्यावं."

खाली माझी सही आहे, असं समजावं.